अजिंठा ते लातूर, सोकार्रासच्या बासरीसोबत

मंगळवार : अजिंठा

आल्बेर्तो सोकार्रास हे नाव मराठवाड्यात कोणाला ठाऊक असावे अशी अपेक्षा करता येत नाही. ज्या न्यूयॉर्कमध्ये त्याच्या आयुष्याची बहुतेक वर्षे गेली, तेथेही ते आता जॅझच्या जुन्या इतिहासात रस असलेल्या मोजक्या लोकांनाच आठवते. १९०८ साली क्यूबात जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक १९२७ मध्ये अमेरिकेत गेला आणि त्या दशकाच्या अखेरीस क्लॅरेन्स विल्यम्सच्या वाद्यवृंदातून त्याने बासरीचे जे एकल वादन ध्वनिमुद्रित केले, ते जॅझमधील बासरीच्या अगदी पहिल्या उद्गारांपैकी एक मानले जाते. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई आणि लातूर येथील संगीतप्रेमी मंडळींनी त्याच्यावर श्रवणसत्रे ठेवली, म्हणून हा प्रवास घडला. लातूरचे माझे एक स्नेही बासरी शिकवतात. गाडी त्यांची, ध्वनिवर्धक त्यांचा आणि वाटेत कोठे थांबायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

त्यांनी मला जळगाव स्थानकावरून घेतले आणि गाडी थेट फर्दापूरच्या दिशेने काढली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाचे चित्र त्यांना दाखवायचे होते. विरक्तीकडे झुकलेल्या राजाचे मन संसारात रमावे म्हणून मांडलेल्या नृत्याचा तो प्रसंग आहे. मध्यभागी नर्तकी आहे, भोवती वादक स्त्रियांचा मेळ आहे आणि त्यांच्यापैकी दोघींच्या ओठांशी आडव्या बासऱ्या आहेत. पाचव्या शतकातील मराठवाड्याच्या भूमीवर ही चित्रे काढणाऱ्यांना बाईच्या हातात बासरी असण्यात काही विशेष वाटले नसावे. त्यांनी त्या बायका ढोल-झांजा वाजवणाऱ्यांच्या पंक्तीत सहज बसवल्या आहेत. लेण्यातील मंद प्रकाशात बासरी धरलेली बोटे नीट दिसायला वेळ लागतो, आणि मागून येणाऱ्या सहलीच्या रांगेला तेवढा धीर नसतो.

माझ्या स्नेह्यांनी हे चित्र निवडण्यामागे कारण होते. सोकार्रासला बासरी त्याच्या आईने शिकवली. क्यूबाच्या पूर्वेकडील ओरिएन्ते प्रांतात, मान्सानियो नावाच्या बंदराच्या गावी, सात वर्षांचा मुलगा आईसमोर बसून फुंकर धरायला शिकला आणि नंतर सान्तियागो दे कुबा येथील संगीतशाळेत गेला. त्याची बहीणही व्हायोलिन वाजवून नाटक मंडळीच्या वाद्यवृंदात नोकरी करत होती. "आमच्याकडं आईनं बासरी शिकवली असं सांगणारा एक तरी वादक दाखवा," असे स्नेही परतीच्या वाटेवर म्हणाले, आणि सिल्लोड येईपर्यंत आम्हा दोघांनाही एक नाव सुचले नाही.

बुधवार : छत्रपती संभाजीनगर

सत्र संध्याकाळी होते. श्रोत्यांत तबला-पेटी शिकणारी मुले, दोन-तीन निवृत्त प्राध्यापक आणि लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेले एक काका होते. पहिली ध्वनिमुद्रिका मी मुद्दाम जॅझची लावली नाही, तर क्यूबातील दान्सोनची लावली. दान्सोन हा तिकडचा जोडीने करावयाच्या नृत्याचा प्रकार. त्याची पहिली रचना मिगेल फाइल्दे याने १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरात सादर केली असे मानतात. हे संगीत वाजवणाऱ्या चारांगा नावाच्या संचात व्हायोलिने, पियानो, बास, तालवाद्ये आणि या सर्वांच्या वर चढलेली एक बासरी असते. ती बासरी फारच उंच वाजते. आपल्या कानाला ती सुरुवातीला टोचते, आणि श्रोत्यांपैकी एक-दोघांनी चेहरा केलाही.

ती उंच का वाजते, हे कळल्याशिवाय सोकार्रासची गोष्ट कळत नाही, म्हणून या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. बासरीचे खालचे सप्तक स्वभावतःच दुबळे असते. कितीही जोराने फुंकले तरी त्याचा आवाज फारसा मोठा होत नाही, उलट सूर फाटून वरच्या सप्तकात उडी मारतो. नाचणाऱ्या पावलांच्या आणि तालवाद्यांच्या गलबल्यात, ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या काळात, बासरीला ऐकू यायचे असेल तर तिला तार सप्तकात राहावेच लागे. क्यूबातील वादकांनी पाच चाव्यांच्या जुन्या लाकडी बासरीवर त्यासाठी वेगळ्या बोटरचना बसवल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. आपल्याकडे बासरीने उलटी दिशा धरली. पन्नालाल घोष १९४० मध्ये बंगालमधून मुंबईत आले आणि मंद्र सप्तकातील गांभीर्य मिळावे म्हणून त्यांनी बांबूची लांबी सुमारे ३२ इंचांपर्यंत नेली. आकाशवाणीचा आणि चित्रपटांचा ध्वनिक्षेपक समोर असलेल्या काळात तो हळुवार आवाज दूरवर पोहोचू शकला. घोष आणि सोकार्रास जवळजवळ समवयस्क होते, आणि बासरीला जेथे मानाची जागा नव्हती तेथे ती दोघांनीही स्थलांतर करून नेली.

जॅझमध्ये अडचण हीच होती. कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या भडिमारापुढे बासरी टिकणे अवघड होते, आणि १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी कर्ण्यासमोर बसून वाजवताना तर तिचा निभाव लागणे आणखी कठीण. सोकार्रास न्यूयॉर्कला पोहोचला तो १९२७ मध्ये, म्हणजे नेमका ध्वनिक्षेपक स्टुडिओत रुळत असताना. काळाची ही गाठ योगायोगाची असली तरी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मग मी १९२९ ची 'हॅव यू एव्हर फेल्ट दॅट वे' ही तबकडी लावली. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चाले, आणि एवढ्या वेळात सर्वांना वाटा द्यायचा असल्यामुळे बासरीच्या वाट्याला फार थोडे क्षण येतात. ती आली आणि गेली. बँडवाले काका पुढे झुकून म्हणाले, "एवढंच व्हय? मला वाटलं आता कुठं सुरुवात झाली." सर्वजण हसले, पण माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत अचूक निरीक्षण तेच होते. पहिलेपणाचा मान इतिहासकार नंतर देतात. वादकाला त्या दिवशी मिळालेली असते ती फक्त काही मात्रांची जागा आणि दिवसाची बिदागी.

"मग पोट कशावर भरलं?" हा काकांचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांना जवळचे वाटेल असेच होते: सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट यांच्यावर. लू लेस्लीच्या 'ब्लॅकबर्ड्स' या गाजलेल्या कार्यक्रमात सोकार्रासने १९२८ पासून पुढची काही वर्षे वाजवले, नंतर बेनी कार्टर, सॅम वुडिंग यांच्यासारख्यांच्या वाद्यवृंदांत काम केले. या सर्व ठिकाणी त्याला बोलावले जाई ते सॅक्सोफोनच्या रांगेत बसण्यासाठी. बासरी पेटीत असे आणि एखाद्या रचनेत कोणाला हौस वाटली तर बाहेर निघे. काकांनी आपल्या बँडमधले असेच काही सांगितले. त्यांना सनई येत होती, पण वरातीत मागणी क्लॅरिनेटवरच्या सिनेगीतांची असे, त्यामुळे सनई घरी राहिली.

गुरुवार : पैठण, माजलगाव, धारूर

पैठणला नाथांच्या वाड्यात दर्शन घेऊन आम्ही गोदावरी ओलांडली. गेवराईच्या पुढे, माजलगावकडे वळल्यावर, रस्त्याचे रूप बदलते. कालव्याचे पाणी आलेला हा पट्टा उसाचा आहे, आणि गळीत हंगाम भरात असल्यामुळे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या गाड्यांची रांग कारखान्याच्या काट्यापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत लागली होती. बैलगाड्यांवरचे लोक वाढे डोक्याखाली घेऊन निजले होते. आपली पाळी कधी येईल हे कोणालाच माहीत नव्हते.

चहाच्या टपरीवर एका ऊसतोड टोळीतील जोडप्याशी बोलणे झाले. ते धारूरकडच्या डोंगरातले. या दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून दसऱ्याच्या आधी उचल घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. त्यांचे शेजारी कर्नाटकात गेलेले, काही सांगली-कोल्हापूरकडे. स्नेह्यांनी त्यांना आमच्या प्रवासाचे कारण सांगितले, तेव्हा त्या बाईंनी विचारले, "त्या गावात बी ऊस हाय का?"

आहे, आणि तो प्रश्न मला पुढचे सर्व अंतर पुरला. मान्सानियोच्या जवळच ला देमाहागुआ नावाचा साखरेचा कारखाना होता. त्याचा मालक कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस याने १० ऑक्टोबर १८६८ रोजी मजुरांना बोलावणारी घंटा वाजवली, आपल्या गुलामांना मुक्त केले आणि स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध पुकारले. गुलामगिरी संपूर्ण क्यूबातून जाण्यास मात्र १८८६ साल उजाडावे लागले, म्हणजे सोकार्रासच्या जन्माच्या केवळ बावीस वर्षे आधीपर्यंत ती होती. त्यानंतर ओरिएन्ते प्रांतात अमेरिकी भांडवलाचे प्रचंड कारखाने उभे राहिले आणि ऊस तोडायला हैती आणि जमैका येथून मजूर जहाजांनी आणले जाऊ लागले. तिकडचा तोडणीचा हंगामही हिवाळ्यातच पडतो.

त्याच प्रांतात १९१२ मध्ये, सोकार्रास चार वर्षांचाही झालेला नसताना, समान हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचा उठाव सरकारी फौजांनी चिरडला आणि हजारो माणसे मारली गेली. पुढे १९२० साली साखरेचा भाव मे महिन्यात पौंडाला २२ सेंटांच्या वर गेला आणि वर्ष संपण्याच्या आत ४ सेंटांच्या खाली कोसळला. बँका बुडाल्या आणि साखरेच्या पैशावर चालणारे सगळेच डळमळले. सोकार्रास गाव का सोडून गेला याचे उत्तर एका कारणात बसवणे मला योग्य वाटत नाही, पण हवाना आणि मग न्यूयॉर्क हा त्याचा मार्ग ज्या भूमीवरून सुरू झाला ती अशी होती. हवानात तो प्रथम आर्किमेदेस पोउसच्या नाटक मंडळीच्या वाद्यवृंदात वाजवू लागला, जेथे त्याची बहीण आधीपासून होती, आणि नंतर मोइसेस सिमोन्सच्या जॅझ बँडमध्ये. हा सिमोन्स म्हणजे 'एल मानिसेरो' या शेंगदाणेवाल्याच्या गाण्याचा कर्ता. ते गाणे १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि त्याने अमेरिकेत क्यूबन संगीताची लाटच आणली. श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांत काळ्या वादकांना वाव कमी, वरच्या जागा तर नाहीच. अशा हवानातून जहाज पकडणारा तो एकटा नव्हता. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने युरोपीय स्थलांतरितांवर कोटा घातला होता आणि आशियातील लोकांना जवळजवळ दारच बंद केले होते, पण क्यूबासारखे पश्चिम गोलार्धातील देश त्या कोट्यातून वगळलेले होते.

धारूरचा घाट चढताना संध्याकाळ झाली. किल्ला खालूनच पाहिला.

शुक्रवार : अंबाजोगाई

सकाळी योगेश्वरीचे दर्शन आणि मुकुंदराजांची समाधी. दासोपंतांनी कापडावर लिहिलेल्या पासोडीविषयी आमच्या यजमानांनी इतक्या प्रेमाने सांगितले की सत्राला उशीर झाला, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

येथे मी न्यूयॉर्कची वर्षे घेतली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोहोचलेल्या काळ्या क्यूबन माणसाची स्थिती विचित्र होती. त्याच्या रंगामुळे तो अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आणि त्यांच्या वाद्यवृंदांत सामावला जाई, तर भाषेमुळे स्पॅनिश बोलणाऱ्या पूर्व हार्लेममध्ये. ज्या वर्णभेदाला मागे टाकून तो आला, तो येथेही दारात उभा होता. कॉटन क्लबमध्ये मंचावर काळे कलावंत असत आणि टेबलांवर गोरे गिऱ्हाईक. सोकार्रासने त्या क्लबात वाजवले, आणि दुसरीकडे स्पॅनिश भाषकांच्या काम्पोआमोर नाट्यगृहात वाद्यवृंदाचे नेतृत्वही केले. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून तो स्वतःचा वाद्यवृंद चालवू लागला. मला त्याच्या कारकिर्दीतील ही दुपदरी हजेरी १९२९ च्या तबकडीहून अधिक महत्त्वाची वाटते, आणि त्याला निव्वळ 'जॅझमधील बासरीचा आद्य पुरुष' म्हणून कोनाड्यात बसवणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते याचसाठी.

कारण त्या दशकाच्या अखेरीस त्याच्या वाद्यवृंदात एक तरुण ट्रम्पेटवादक येऊन बसला. त्याचे नाव डिझी गिलेस्पी. क्यूबन तालाचा कणा असलेला क्लाव्हे गिलेस्पीच्या अंगात मुरला तो सोकार्रासकडे वाजवताना. क्लाव्हे म्हणजे काय, हे सांगायला अंबाजोगाईइतके चांगले गाव मला मिळाले नसते, कारण समोर तबल्याचे शिक्षक होते आणि शेजारी हलगी वाजवणारे दोन तरुण. सोळा मात्रांचे आवर्तन धरले तर कठीण लाकडाच्या दोन काठ्यांचे आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्या अर्ध्यात दोन. तबल्याचे गुरुजी हातावर त्रिताल धरून बसले. त्रितालाच्या टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. म्हणजे दोन्ही चक्रे पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर भेटतात, आणि पाचव्यावर टाळी देऊ पाहणारा हात प्रत्येक आवर्तनात एकटा पडतो. गुरुजींना हे दोन-चार आवर्तनांत सापडले, पण त्यांना ते रुचले नाही. हलगीवाल्या तरुणांनी मात्र मोजलेच नाही. त्यांनी ते ऐकले आणि थेट चामड्यावर काढले.

गुरुजींचा आक्षेप असा होता की चक्र फिरून समेवर आले की झाले, मग अर्धे उलटे केले तरी काय बिघडते. क्यूबन वादकांच्या दृष्टीने तेथेच सारे बिघडते. गाणे तीनच्या बाजूने उठले असेल तर सुरावटीचे सर्व वजन त्या क्रमाला बांधलेले असते, आणि मध्येच कोणी दोनची बाजू पुढे आणली तर नाचणाऱ्यांचे पाय लगेच सांगतात. "म्हणजे खाली-भरीची अदलाबदल केल्यासारखं," असे गुरुजी अखेर म्हणाले, आणि चर्चा पुढे सरकली.

गिलेस्पीने पुढे कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात मारियो बाउसाशी मैत्री केली. बाउसा हादेखील हवानातून आलेला. तेथे तो क्लॅरिनेट वाजवत असे, न्यूयॉर्कमध्ये त्याने ट्रम्पेट हाती घेतला. स्थलांतरिताला वाद्यसुद्धा बदलावे लागते, याचे हे दुसरे उदाहरण. १९४० मध्ये माचितो या क्यूबन गायकाचा वाद्यवृंद उभा राहिला, बाउसा त्याचा संगीत दिग्दर्शक झाला, आणि १९४७ मध्ये गिलेस्पीने चानो पोसो या हवानाच्या तालवादकाला आपल्या मोठ्या वाद्यवृंदात घेतले. पुस्तकांत आफ्रो-क्यूबन जॅझची कथा बहुधा येथून सुरू होते. सोकार्रासचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो.

शनिवार : लातूर

अंबाजोगाईहून लातूर जवळच. गंजगोलाईतल्या गर्दीतून वाट काढत स्नेह्यांच्या वर्गावर पोहोचलो. त्यांचे बरेचसे विद्यार्थी शिकवण्यांसाठी गावाहून येऊन खोली करून राहणारे आहेत. दिवसभर भौतिकशास्त्र आणि संध्याकाळी तासभर बासरी.

सोकार्रासच्या उत्तरायुष्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे, आणि ते मी थोडक्यातच सांगितले. स्वतःचा वाद्यवृंद थांबल्यावर तो न्यूयॉर्कमध्ये बासरीचा शिक्षक झाला आणि १९८७ साली त्याच शहरात वारला. तो शिकवण्याकडे वळला तेव्हा जॅझमध्ये बासरीचे दिवस नुकतेच येत होते. १९३० च्या दशकात वेमन कार्व्हरने चिक वेबच्या वाद्यवृंदातून तिला थोडी जागा मिळवून दिली होती; १९५० च्या दशकात फ्रँक वेसने काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तिला प्रतिष्ठा दिली, आणि मग पाहता पाहता सॅक्सोफोनवाल्यांच्या पेट्यांत बासरी दिसू लागली. बेल्जियममधील लिएज शहरातला बॉबी जास्पार १९५६ मध्ये न्यूयॉर्कला आला, त्याला जे. जे. जॉन्सनच्या संचात टेनर सॅक्सोफोनबरोबर बासरीही वाजवता आली. तीस वर्षांपूर्वी आलेल्या सोकार्रासला ही सोय नव्हती. जास्पार १९६३ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला.

एका मुलाने विचारले की १९२९ चे ते वादन बांबूच्या बासरीवर निघेल का. स्नेह्यांनी तेथेच प्रयत्न केला. स्वर सापडत होते, पण लागोपाठ येणाऱ्या कोमल-शुद्ध स्वरांसाठी अर्धे छिद्र झाकून तेवढ्या वेगाने जाणे जड जात होते, कारण चाव्यांच्या बासरीवर प्रत्येक अर्ध्या स्वराला स्वतंत्र बोटरचना असते. त्यांनी वेग निम्म्यावर आणला, तेव्हा ते ओळखू येण्याइतके निघाले. मुलांनी ते भ्रमणध्वनीवर टिपून घेतले.

पुढच्या महिन्यापासून त्यांच्या वर्गात दर रविवारी काही ध्वनिमुद्रणे ऐकवायची असे ठरले आहे. माझ्या मते क्रम असा असावा: आधी क्यूबन चारांगा, मग १९२९ ची तबकडी, मग १९३७ मधील चिक वेबच्या छोट्या संचातील कार्व्हर, आणि शेवटी माचितो. स्नेह्यांना तो मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की १९२९ ची तबकडी सर्वांत शेवटी लावावी. मुलांचा कान चारांगाला आणि क्लाव्हेला सरावला की मगच त्या थोड्या क्षणांत सोकार्रास गावाकडचे काय वाजवतो आणि हार्लेमचे काय, हे त्यांना वेगळे काढता येईल. औसा रस्त्यावर जेवायला बसलो तरी हा वाद मिटला नव्हता, आणि पहिल्या रविवारची यादी अजून त्यांच्याच ताब्यात आहे.